चार सेकंदांची शर्यत आणि दीड तासाची शर्यत

वाचकांचे प्रश्न. या अंकाचा विषय : मोटर शर्यती. उत्तरं देणारे ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आपल्या गाळ्यात इंजिनांचं बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून कापून-घासून नेमके करणं) करतात आणि ड्रॅग शर्यतींना मेकॅनिक म्हणून जातात.

प्रश्न : मी सानपाड्याला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. फॉर्म्युला वनची शर्यत सहसा चुकवत नाही. २०११ साली ग्रेटर नोएडाला जाऊन पहिली इंडियन ग्रां प्री प्रत्यक्ष पाहिली. माझा भाचा ऐरोलीला असतो. तो आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस बघून आला आणि तेव्हापासून दुसरं काही बोलत नाही. मी त्याला म्हटलं, सरळ रेषेत गाडी पळवायला काय लागतं? ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बसून राहायचं. त्यावर तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडे दीड तास गाड्या एकामागून एक फिरतात आणि जिंकणारा पहिल्या वळणालाच ठरलेला असतो." गणपतीत सगळे जमलो तेव्हाही हाच वाद झाला. खरी शर्यत कुठली, ते तुम्हीच सांगा. – एक मामा, सानपाडा

उत्तर : आधी दोन आकडे शेजारी शेजारी मांडतो. ड्रॅग म्हणजे दोन गाड्यांनी शेजारी शेजारी, सरळ रेषेत पळायची छोटी शर्यत. अमेरिकेतल्या ड्रॅगचा सगळ्यांत वेगवान वर्ग म्हणजे टॉप फ्युएल. त्याचं अंतर १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. तुमच्या फॉर्म्युला वनचा नियम असा की मोनॅको सोडून प्रत्येक शर्यत ३०५ किलोमीटर ओलांडेपर्यंत चालवायची. बरोबर हजारपट. टॉप फ्युएलची गाडी आपलं अंतर चार सेकंदांच्या आत संपवते, फॉर्म्युला वनला दीड तास लागतो. इतकं अंतर पडलं की माणसाकडून जे मागितलं जातं तेच बदलतं. मी दोन्हींकडे पाहतो तेव्हा एकच गोष्ट तपासतो : चूक झाली, तर पुढे काय होतं?

सर्किटवर, म्हणजे तुमच्या फॉर्म्युला वनच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर, ती चूक सोबत घेऊन पळावं लागतं. नोएडाचं तिसरं वळण तुम्हाला आठवत असेल. चढावरचं मंद वळण, आणि त्यातून बाहेर पडलं की समोर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. वळणातून निघताना थ्रॉटल उघडायला क्षणभर उशीर झाला, तर त्याचा दंड पूर्ण किलोमीटरभर भरावा लागतो. मागचा गडी तुमच्यामागच्या विरळ हवेत शिरून जवळ येतो आणि चौथ्या वळणावर ब्रेक उशिरा लावून आत घुसतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. तेच वळण तुम्हाला ६० वेळा मिळतं. टायर झिजतात, टाकीतलं पेट्रोल कमी होऊन गाडी हलकी होते, त्यामुळे विसाव्या फेरीतलं तिसरं वळण आणि पन्नासाव्या फेरीतलं तिसरं वळण वेगळं असतं. ड्रायव्हर ते प्रत्येक फेरीला नव्याने ओळखतो आणि मागचं नुकसान थोडं थोडं भरून काढतो.

तुमच्या भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मात्र मान्य करा. तुम्ही गेलात त्या वर्षी सेबास्टियन व्हेटेल पहिल्या जागेवरून सुटला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. भारतात झालेल्या तिन्ही शर्यती, २०११, २०१२ आणि २०१३, त्यानेच जिंकल्या. पण भाच्याला तिसऱ्या वर्षाची शर्यत पुन्हा दाखवा. व्हेटेल पहिल्या जागेवरून सुटला, मऊ टायर लवकर झिजणार हे ठाऊक असल्याने दुसऱ्या फेरीनंतरच टायर बदलायला पिटमध्ये आला, सतराव्या जागेवर बाहेर पडला, आणि तिथून एकेक गाडी मागे टाकत शर्यत जिंकून चौथं विश्वविजेतेपदही घेऊन गेला. सतराव्या जागेवर असताना तो हरतो आहे असं बघणाऱ्याला वाटतं, पण त्याच्या संघाच्या हिशेबात तो जिंकत असतो. हा हिशेब हळूहळू उघड होत जाणं हे सर्किटचं खरं सुख आहे आणि ते चार सेकंदांत मावणार नाही.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बसून राहायचं, हे टीव्हीवर खरंच तसं दिसतं. सुरुवातीच्या रेषेजवळ उभं राहिलं की तसं वाटत नाही.

आधी बर्नआउट. मागचं चाक जागच्या जागी फिरवून टायर तापवायचा, त्यावरची धूळ-खडी काढायची. मग रेषेवर यायचं. तिथे जमिनीलगत दोन प्रकाशकिरण असतात. पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, आणखी काही इंच पुढे सरकून दुसऱ्यात आलं की दुसरा लागतो. दोघंही असे उभे राहिले की दिव्यांचा खांब सुरू होतो, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. अमेरिकेत हा खांब १९६३ मध्ये आला, त्याआधी झेंडा घेऊन माणूस उभा असायचा. मोठ्या वर्गांत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरवा दिसल्यावर क्लच सोडलात तर तुम्ही हरलात. पिवळा दिसताक्षणी सोडायचा असतो, म्हणजे हात आणि गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो. हजारांश सेकंदाने आधी निघालात तर लाल दिवा लागतो, आणि शर्यत संपली. घरून निघून, घाट चढून, पहाटेपासून रांगेत उभं राहून आलेला माणूस एक फूटही न पळता हरतो. मी अशी पोरं परत येताना पाहिली आहेत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो कळल्याशिवाय ड्रॅग कळत नाही. घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. चाक किरणातून बाहेर पडलं की धावण्याची वेळ मोजायला लागतात. दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात, त्याला रिॲक्शन टाइम म्हणतात. समजा, एकाची गाडी पाव मैल ८.८५ सेकंदांत पळाली, पण तो ०.१२ सेकंदाने निघाला. दुसऱ्याची ८.९० सेकंदांत पळाली, पण तो ०.०५ ला निघाला. बेरीज करा : पहिल्याचे ८.९७, दुसऱ्याचे ८.९५. गाडी हळू असलेला जिंकला. माणसाने गाडीची कसर भरून काढली. यातला एकही आकडा सरळ रेषेत बसून राहून मिळत नाही.

आणि निघाल्यावर? सुपरबाइकचा क्लच थोडा जास्त सोडला की पुढचं चाक वर येतं, थ्रॉटल मागे घ्यावा लागतो आणि वेळ गेला. थ्रॉटल जास्त उघडला की मागचं चाक घसरतं, पुन्हा वेळ गेला. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते आणि ती रोज बदलते. धावपट्टी विमानांसाठी केलेली, तिच्यावर खास ड्रॅगच्या ट्रॅकसारखं चिकट द्रावण मुरलेलं नसतं. सकाळी दव, दुपारी ऊन, मध्येच वाऱ्याने आलेली माती. आम्ही सगळ्यांत आधी पहिल्या ६० फुटांचा टाइम बघतो, कारण तिथे वाचवलेला वेळ शेवटच्या रेषेपर्यंत वाढत जातो. तिथे घालवलेला मात्र कुणालाच परत मिळालेला मी पाहिलेला नाही. ड्रॅगमध्ये चूक दुरुस्त करायला पुढे जागाच ठेवलेली नाही. म्हणून सगळी दुरुस्ती आधी, गाळ्यात, रात्री बसून करावी लागते.

माझं गाव आंबेगाव तालुक्यात, त्यामुळे मला हे लहानपणापासून ओळखीचं आहे. आमच्याकडे यात्रेला घाटात बैलगाडा सुटतो. निशाण पडलं की बारी, म्हणजे एका गाड्याची दौड, वर जाईपर्यंत काही सेकंद, निकाल सेकंदांवर. मुंबईहून पहिल्यांदा आलेला पाहुणा विचारतो, एवढ्यात संपलं? घाटाच्या कडेला बसलेला म्हातारा असं विचारत नाही. त्याला त्या बारीत वर्षभराचा खुराक दिसतो, कुठला बैल कुणाच्या जोडीला लावला ते दिसतं, सराव कुठे कमी पडला तेही दिसतं. २०१४ ते २०२१ शर्यतींवर बंदी होती, तरी कितीतरी घरांनी बैल विकले नाहीत. काही सेकंदांसाठी माणूस एवढं का करतो, हे तुमच्या भाच्याला आंबी व्हॅलीला उमगलं असणार आणि ते त्याला शब्दांत मांडता येत नसणार. त्याला एकदा गावच्या यात्रेला घेऊन जा. तुम्हीही चला.

तुम्ही निकाल मागितला आहे, तर देतो. मी ड्रॅगच्या बाजूचा आहे. एक कारण माझ्या धंद्यातलं. सर्किटवर जिंकतो तो ड्रायव्हर आणि त्याच्यामागचा मोठा संघ. ड्रॅगमध्ये गाळ्यात काम करणारा माणूस थेट शर्यतीत असतो. पोर्ट किती घासले, जेट कुठला टाकला, सायलेन्सरचा एक्सपान्शन चेंबर किती लांब ठेवला, याचं उत्तर वीस सेकंदांच्या आत कागदावर छापून हातात येतं. त्या उत्तरावर वाद घालता येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्रॅगचा दरवाजा बुटका आहे, त्यातून कुणालाही आत जाता येतं. यामाहा आरएक्स १०० ही गाडी १९८५ ते १९९६ इथे बनली. ९८ सीसी, ११ बीएचपी. सर्किटवर आज तिला जागा नाही. ड्रॅगमध्ये तिच्यासारख्या टू-स्ट्रोकना स्वतःचा वर्ग मिळतो, आणि तो वर्ग सुरू झाला की सुपरबाइकवाले हेल्मेट काढून बघायला येतात. अमेरिकेत तर ब्रॅकेट नावाचा प्रकार आहे. तुमची गाडी किती सेकंदांत पळेल ते तुम्ही आधी काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. लिहिलेल्यापेक्षा लवकर पोहोचलात तरी हरलात. त्यामुळे घरची जुनी गाडी आणि लाखो डॉलरची गाडी एकाच रेषेवर उभ्या राहतात, आणि ज्याला आपली गाडी नीट कळते तो जिंकतो. मोटर शर्यतीत इतका सरळ न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

फक्त बघण्याच्या सुखाचं विचाराल, तर घरी टीव्हीवर सर्किट आणि प्रत्यक्ष जाऊन ड्रॅग. सर्किटवर तिकीट काढून बसलं की एक वळण दिसतं आणि बाकीची शर्यत मोठ्या पडद्यावर. ड्रॅगमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एका जागेवरून दिसतं, आणि आवाज छातीत जाणवतो. तो टीव्हीवरून येत नाही. पुढच्या वेळी भाच्याबरोबर जा. कानात घालायला बोळे न्या.

प्रश्न : आम्ही घणसोलीचे चार-पाच मित्र शनिवारी रात्री उशिरा पाम बीच रोडवर गाड्या पळवतो. मोराज सर्कलच्या पुढे रस्ता सरळ आणि रिकामा असतो, आम्ही कुणाला त्रास देत नाही. धावपट्टीवरची शर्यत वर्षातून एखाद-दुसरी, तिची फी आणि प्रवास परवडत नाही. अंतर तेवढंच, गाड्या त्याच. मग त्यात आणि यात फरक काय? – एक वाचक, घणसोली

उत्तर : पोरांनो, फरक शेवटच्या रेषेच्या पुढे आहे. तिथे काय ठेवलेलं असतं ते तुम्ही पाहिलेलं नाही.

ताशी १६० किलोमीटरने पळणारी गाडी एका सेकंदात ४४ मीटर जाते. समोर काही आलंय हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्यानंतर चांगले टायर, कोरडा रस्ता आणि न घाबरलेला माणूस असं सगळं जुळून आलं तरी थांबायला सव्वाशे मीटरच्या आसपास लागतात. एकूण १७० मीटर. रात्री तुमच्या हेडलाइटच्या उजेडात १७० मीटरवरचा माणूस दिसतो का, ते एकदा गाडी उभी करून बघा. पहाटे चालायला निघालेले लोक, सिग्नल तोडून येणारी रिक्षा, दुभाजकातून उडी मारणारं कुत्रं, यांतलं काहीही तुमच्या शर्यतीत सामील झालेलं नसतं.

खऱ्या ड्रॅगमध्ये पळायला जेवढी जागा, तेवढी किंवा त्याहून जास्त जागा थांबायला सोडतात. तिच्यानंतर वाळू, वाळूनंतर जाळी. एवढं असूनही माणसं गेली आहेत. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर गेला. तोवर टॉप फ्युएल आणि फनी कार हे वर्गसुद्धा पूर्ण पाव मैल, १३२० फूट पळायचे. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचं अंतर १००० फुटांवर आणलं, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. जगातल्या सगळ्यांत अनुभवी लोकांनी आपल्या खेळाचं अंतर, पन्नासेक वर्षांची परंपरा बाजूला ठेवून, ३२० फुटांनी कमी केलं. पाम बीचवर तुम्ही ती जागा कुठून आणणार?

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड १०,००० पर्यंत. तुमच्यातला कुणी अठराच्या आतला असेल तर त्याच्या आई-वडिलांवर गुन्हा होतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंडाचे पैसे काढून ठेवलेत तर एका शर्यतीची फी निघेल.

शहरातला रस्ता शर्यतीला वापरताच येत नाही असं मी म्हणत नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागरच्या काठच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई झाली, २०२४ मध्ये चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवती रात्रीची शर्यत झाली. दोन्हीकडे रस्ता बंद करून काँक्रीटचे कठडे, जाळ्या, डॉक्टर, अग्निशमन, प्रत्येक वळणावर मार्शल असा सगळा सरंजाम उभा होता. नवी मुंबईत आपल्यासाठी वर्षातून चार वेळा तरी एखादी सुरक्षित सरळ पट्टी मिळावी, ही मागणी रास्त आहे. ती मी स्वतः मांडतो आहे. तुम्ही सह्या गोळा करणार असाल तर पहिली सही माझी घ्या. पण पाम बीचवर रात्री जाऊ नका. या शनिवारीही नाही.

प्रश्न : काका, मी कळव्याची, डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला शर्यतीत गाडी चालवायची आहे, नुसती बघायची नाही. बाबा म्हणतात, चालवायचीच असेल तर ड्रॅग कर, त्यात वळणं नाहीत, धोका कमी. माझ्याकडे बाबांची जुनी पल्सर १५० आहे. ड्रॅगपासून सुरुवात करू की सर्किटपासून? मुलींना तिथे घेतात का? – दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : घेतात, बाळा, आणि ड्रॅगमध्ये तर वेगळ्या रांगेत उभंही करत नाहीत. अमेरिकेत शर्ली मल्डाउनीने टॉप फ्युएलचं राष्ट्रीय विजेतेपद १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा घेतलं, समोर सगळे पुरुष असताना. मोटरसायकलवर अँजेल सॅम्पीने २०००, २००१ आणि २००२ सलग तीन वर्षं प्रो स्टॉक वर्ग जिंकला. ती आधी हॉस्पिटलमध्ये नर्स होती. दिवा लागल्यावर हात किती लवकर आणि किती शांतपणे हलतो, एवढंच तिथे बघतात. आपल्याकडे सर्किटवर टीव्हीएसने मुलींसाठी वेगळी वन-मेक शर्यत चालवली आहे. त्यात गाडी कंपनीची आणि सगळ्यांना सारखी असते, म्हणून खर्चही आटोक्यात राहतो.

वर मी ड्रॅगच्या बाजूने एवढं लिहिलं, तरी तुला सांगतो, सुरुवात वळणांपासून कर. बाबांचा अंदाज काळजीपोटी आहे, पण तो उलटा आहे. ड्रॅगमध्ये गाडी लवकर अशा वेगाला पोहोचते जिथे ब्रेक आणि तोल यांची समज आधीपासून हातात असावी लागते. ती समज सरळ रेषेत येत नाही, वळणात येते. ब्रेक कुठे सोडायचा, टायरची पकड सुटायच्या आधी काय जाणवतं, नजर कुठे ठेवायची, हे सर्किट शिकवतं, आणि शंभर वेळा चुकू देऊन शिकवतं.

आधी कार्टिंग कर. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे खालचा रस्ता थेट अंगाला कळतो. हौशी लोकांसारखी धडका मारत फिरू नको. प्रत्येक फेरीची वेळ माग आणि वहीत लिही. मग पैसे साठवून चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर दुचाकीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घे. पहिला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, दुसरा २.१ चा. कोइमतूरचा छोटा आहे, पण शिकायला मला तोच बरा वाटतो, कारण तिथे वळणं लवकर लवकर परत येतात. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. त्यासाठी काय लागतं ते प्रशिक्षण देणारेच सांगतात.

पल्सर आत्ता घरीच असू दे. पैसे आधी अंगावरच्या कपड्यांवर खर्च कर : पूर्ण चेहरा झाकणारं चांगलं हेल्मेट, चामड्याचा सूट, पाठीचं संरक्षण, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे. वापरलेलं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नको. ते आधी कुठे आपटलं आहे हे बाहेरून दिसत नाही.

आणि तुझ्या डिप्लोमाचा फायदा घे. शर्यतींना मार्शल लागतात, स्क्रुटिनीला हात लागतात. स्क्रुटिनी म्हणजे शर्यतीआधी गाडीची तपासणी : चेन, ब्रेक, ऑइल गळती, बोल्टांना तार बांधली आहे की नाही. त्या टेबलाशी एक दिवस उभी राहिलीस तर वर्गातल्या सहामाहीपेक्षा जास्त गाड्या उघड्या बघशील. सुट्टीत वागळेला ये. माझ्या गाळ्यात होनिंगचं मशीन आहे, हाताने चालवून बघ. बाबांनाही घेऊन ये, त्यांच्याशी मी बोलेन.

प्रश्न : मी नौपाड्यात शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नातू ड्रॅग रेसचे व्हिडिओ दाखवतो आणि सांगतो की त्या गाड्या नायट्रोमिथेनवर चालतात, ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या आसपास. मी तक्ते पाहिले. नायट्रोमिथेनची उष्णता पेट्रोलच्या पाव भागच आहे. मग ताकद जास्त कशी? – एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : बाई, तक्ता बरोबर आहे आणि नातूही बरोबर आहे. गोम इंधनात नाही, हवेत आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा ठरावीकच मावते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून आहे, त्यामुळे एक किलोला १.७ किलो हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन जाळता येतं. उष्णता पाव भाग असली तरी आठपटीने गुणल्यावर दुपटीहून अधिक होते. वर सुपरचार्जर हवा कोंबत असतो, इंजिन ५०० घनइंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं. नियमाप्रमाणे नायट्रोमिथेन ९० टक्क्यांपर्यंत, बाकी मिथेनॉल. बर्नआउट धरून एका दौडीला ४० लिटरच्या वर इंधन संपतं. शाळेत हे गणित फळ्यावर मांडून बघा. मुलं शेवटच्या बाकापर्यंत जागी राहतील.

मेकॅनिक म्हणून मला त्यातलं आयुष्याचं गणित जास्त विलक्षण वाटतं. इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेतं असं धरलं, तर ३.७ सेकंदांच्या दौडीत ते पाचशेच्या आसपास फेरे घेतं. तेवढ्यावर ते उतरवून उघडतात. दोन दौडींच्या मधल्या तासाभरात पिस्टन, रॉड, बेअरिंग, क्लचच्या प्लेटा सगळं तपासून, बदलून परत बसवतात. माझ्याकडे येणारं रिक्षाचं इंजिन पाचशे फेरे स्टँडवर उभ्या उभ्या एका मिनिटाच्या आत घेतं.

आम्ही स्पार्क प्लग काढून त्याच्या रंगावरून आतलं जळणं वाचतो. टॉप फ्युएलमध्ये दौड अर्ध्यावर येईपर्यंत प्लगची टोकंच जळून गेलेली असतात. उरलेलं अंतर इंजिन दाबाने आणि आतल्या लालबुंद धातूच्या उष्णतेने पेटत राहतं, डिझेलसारखं. म्हणून शेवटच्या रेषेनंतर स्विच बंद करून ते थांबत नाही. ड्रायव्हरला इंधनाचा पुरवठा बंद करावा लागतो, आणि त्याच वेळी पॅराशूट उघडावं लागतं.